बोडी बुजवायची की राखायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात बोडीवरून वाद झाला. धाकटीला मलेरिया झाला होता. औषधाने ताप उतरला, पण मामूंनी ठरवूनच टाकले, "शेतातली बोडी बुजवा. डास तिथूनच येतात." बोडी अब्बांच्या हातची. धान निसवताना पावसाने दडी मारली की तिचेच पाणी बांधीत सोडायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मामूंना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

रविवारी मुलांना घेऊन बोडीवर गेले. जुन्या चाळणीने काठचा गाळ उपसला. त्यात सहा पायांचे, मातकट रंगाचे किडे निघाले. ही चतुराची पिल्ले. पोरे ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात, तो चतुर पंख फुटण्याआधी असा पाण्यात वाढतो. त्याच्याच नात्यातली नाजूक टाचणी बसताना पंख मिटते, चतुर पसरून ठेवतो.

घरी कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या आणि चतुराची चार पिल्ले एका तसराळ्यात सोडली. पिल्लाच्या तोंडाखाली घडी घातलेला ओठ असतो. तो झटक्यात पुढे येतो आणि अळी पकडतो. सकाळी बहुतेक अळ्या संपल्या होत्या. मामूंनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे डास आपण घरात पाळले होते?"

चतुर आले म्हणजे मलेरिया गेला, असे मात्र नाही. कूलरमधल्या अळ्या बहुधा डेंग्यू पसरवणाऱ्या डासांच्या असतात. मलेरियाचे डास नाल्यांत आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतात. म्हणून मच्छरदाणी हवीच, आणि ताप आला की रक्ततपासणीही. पण ज्या पाण्यात डासांना खाणारे जीव आहेत, तेच पाणी बुजवणे शहाणपणाचे नाही.

बांधीतही चतुर कामाला येतो. तो तुडतुडे आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग उडता उडता टिपतो. कीटकनाशक मात्र शत्रू-मित्र ओळखत नाही. फवारणीनंतर डासांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. चतुराला काही आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून कीड मोजावी, कृषी सहायकांना विचारावे आणि गरज असेल तेव्हाच फवारावे.

चामोर्शीच्या बांधींवर पावसाळ्यात पिवळसर भटक्या चतुरांचे थवे दिसतात. हा चतुर पावसाच्या तात्पुरत्या पाण्यातही वाढतो. चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने 2009 साली मांडले, की असे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. आपल्या बांधीत जन्मलेला एखादाही त्यात असेल!

आपल्या पूर्व विदर्भात हजारो मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले; कोहळी समाज त्यात निष्णात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि पुढे कित्येक तलाव गाळाने आणि बेशरमीच्या झाडांनी भरले. गोंदिया-भंडाऱ्याकडे ढिवर समाजाने, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने, बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तिकडे युरोपात पूर्वी कोरड्या केलेल्या दलदलीच्या जमिनी पुन्हा ओल्या करून त्यात बोरू आणि पाणकणीस पिकवण्याचे प्रयोग चालले आहेत. आपल्याकडे ओली शेती आधीपासूनच आहे; ती फक्त राखायची आहे.

आमची बोडी यंदा तरी वाचली. दर शुक्रवारी कूलर, टाकी आणि कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करून कोरड्या करण्याचे काम मामूंनी स्वतःकडे घेतले आहे. धाकटी संध्याकाळी बोडीच्या पाळीवर चतुर मोजते. मगरिबची अजान झाली की मच्छरदाणीची आठवण करून देत तिला घरी आणावे लागते.