आधी पाय बघ

रविवारी सकाळी मामा गुळगुळीत दाढी करून इस्त्रीचा शर्ट चढवायला लागला, की आजी विचारायची, "आज कुठं?" मामा म्हणायचा, "महालक्ष्मीला." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त देवळापर्यंत तो कधी पोचायचा नाही. स्टेशनाबाहेर पडला की रेसकोर्सचं फाटक लागायचं आणि दर्शन तिथंच व्हायचं.

आमच्या घरात 'रेस' हा शब्द दारूच्या जोडीनंच उच्चारला जाई. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली दिला. आजीच्या न्यायालयात मात्र निकाल कधीच लागून गेला होता आणि तिथं अपील नव्हतं.

मी पहिल्यांदा इंडियन डर्बी पाहिली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना. मामा पूर्वी लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. १९८२च्या संपात नोकरी गेली, मग एका दुकानात तो हिशेब लिहू लागला. पैसे लावणं त्यानं संपाच्या पहिल्याच वर्षी सोडलं. लावायला उरलेच नव्हते. पण डर्बी त्यानं चुकवली नाही. फेब्रुवारीचा पहिला रविवार आला आणि आम्ही सेकंड एन्क्लोजरमध्ये. मेंबरांच्या बाजूला मोठमोठ्या हॅटी आणि फोटोवाले, आमच्या बाजूला घामेजलेले शर्ट, कानामागं पेन्सिली आणि घड्या पडून मऊ झालेली रेसची पुस्तकं.

मी थेट भाव बघायला निघालो, तर मामानं दंड धरला. "बोर्डाकडं नंतर बघ. आधी पाय बघ."

पॅडॉकमध्ये मोतद्दार घोडे फिरवत होते. मामा एकेक दाखवत गेला. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडं पडतो का? मागच्या मांड्यांत पांढरा फेस आलाय का? आला असेल तर गडी धावायच्या आधीच दमलाय. झापडं कुणाला लावलीत? कान कुठं वळलेत? साच्यावरचा तुटलेला धागा जो माणूस लांबून ओळखायचा, त्याला हे दिसणारच, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

भायखळ्याला शर्यती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत होत्या. त्या काळी अरबी घोड्यांचा बोलबाला होता. महालक्ष्मीचं मैदान १८८३चं. हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीची खाडी अडवली नसती, तर भरतीचं पाणी त्या सखल भागात शिरतच राहिलं असतं. इंडियन डर्बी मात्र त्या मानानं तरुण. पहिली झाली १९४३ साली आणि ती जिंकली 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. या प्रतापसिंहरावांनी १९४५ साली इंग्लंडात एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतलं आणि आजोबांचं नाव त्याला दिलं: सयाजीराव. त्या सयाजीरावानं १९४७ची सेंट लेजर जिंकली, पाठीवर पुन्हा ब्रिटच. स्वातंत्र्याच्याच वर्षी इंग्लंडच्या मैदानावर मराठी राजाचं नाव पुकारलं गेलं, तेही घोड्याच्या रूपानं. संस्थान विलीन व्हायला तेव्हा फारसा अवकाश उरला नव्हता.

इंग्लंडची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, आपली चार वर्षांच्या. अंतर २,४०० मीटर. घोडीला वजनात दीड किलोची सूट. आणि वयाची अट असल्यामुळं घोड्याच्या आयुष्यात ही शर्यत एकदाच येते. यंदा पाय मुरगळला, तर पुढच्या वर्षी बघू, असं नाही.

गेट उघडलं. पलीकडच्या बाजूला घोडे मुंग्यांएवढे, रंग तेवढे हलताना दिसत होते. लोक आधी कुजबुजत होते. शेवटच्या वळणावर ती कुजबुज एकदम आरडाओरडा झाली. आणि मग कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट घडते: घोडे समोरून जाताना आवाज कानांनी नव्हे, तळपायांनी ऐकू येतो. अडीच मिनिटांत सगळं संपलं. पुढच्या क्षणी हवेत फाडलेल्या तिकिटांचे कपटे. मामानं मनातल्या मनात निवडलेला घोडा चौथा आला होता. त्याला दुःख झाल्यासारखं दिसलं नाही. मला वाटतं, पैसे न लावल्यानं त्याला तो घोडा अखेरपर्यंत दिसत राहिला.

परतताना मी विचारलं, हरलेल्या घोड्यांचं पुढं काय होतं? मामानं डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराखाली साच्यावर कापल्याचा जुना वण होता. "धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं तवा. डाक्टर म्हणला, घोड्याच्या रगताचं हाय."

मी हसलो होतो. पुढं वाचताना समजलं, की मामाचा डॉक्टर बरोबर होता. घोड्याला धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की ते रक्त काढून त्यातला रस वेगळा करतात. परळच्या हाफकिन संस्थेत हे काम चाले. महालक्ष्मीपासून तासाभराच्या पायी अंतरात. पूनावाला घराण्याच्या पुण्याच्या स्टड फार्मवरची थकलेली जनावरं हाफकिनला जात. घोडे आपलेच, तर प्रतिविष आपण का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली.

नंतर अनेक डर्बी पाहिल्या, बहुतेक मामाशिवाय. नोंदी ठेवल्या, पुस्तकं जमवली, क्वचित प्लेसवर पैसेही लावले. पॅडॉकच्या कठड्याशी मात्र आधी पायांकडंच नजर जाते. मामाला शेवटच्या वर्षी घेऊन गेलो होतो. मोतिबिंदूमुळं त्याला घोडे नीट दिसत नव्हते. घोळका समोरून गेला, तेव्हा त्यानं चपला काढून बाजूला ठेवलेल्या होत्या.