अकरा महिन्यांचं घर

पुण्यातल्या कुठल्याही पेठेत चक्कर मारलीत, तर एखादी तरी जुनी इमारत पत्र्यांच्या कुंपणाआड गेलेली दिसते. पुनर्विकासाला निघालेल्या अशा इमारतींतली कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी जवळपासच भाड्याची जागा शोधतात, कारण मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे डॉक्टर, रोजचा वाणी, सगळं तिथंच असतं. आमची सदाशिव पेठेतली इमारतही अशीच गेली. सासूबाई, नवरा, दहावीतली मुलगी आणि मी कसब्यातल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात शाळेजवळ तेवढीच जागा बसत होती.

अशा जागा कळकट असायला कारण असतं. ही इमारतही आज ना उद्या पडणार हे मालकाला ठाऊक असतं, म्हणून तो रंग काढत नाही. करार अकरा महिन्यांचा, मग इथं खर्च कशाला, असं भाडेकरूला वाटतं. मलाही पदरचे फार पैसे घालायचे नव्हते. तरी खोक्यांच्या ढिगात वर्षं काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी एक हिशेब ठरवला: जे इथंच राहणार त्यावर श्रम घालायचे आणि जे आपल्याबरोबर पुढच्या घरी येणार त्यावर पैसे.

आधी कागद

सामान आत येण्यापूर्वी आम्ही प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फुटक्या फरशीचे फोटो काढले आणि दोषांची यादी करारालाच जोडली. जागा सोडताना अनामत कापली जाऊ नये म्हणून हे आवश्यक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाड्याचा करार लेखी असावा लागतो, त्याची नोंदणीही व्हावी लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. त्याच वेळी रंग आणि खिळे यांबद्दल मालकांची परवानगी लिहून घेतली. भिंत आम्हीच रंगवणार म्हटल्यावर त्यांनी आनंदानं सही केली.

भिंत आणि ओल

सगळ्यात मोठा प्रश्न ओलीचा होता. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे आणि लोणा, शिवाय कोंदट वास. ओल कुठून येते हे ओळखायची एक सोपी रीत आहे. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवायचा आणि एक-दोन दिवसांनी पाहायचं. पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला साचलं तर भिंतच ओली आहे. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ती खोलीतली वाफ आहे, आणि तिला खिडकी उघडी ठेवणं, कपडे आत न वाळवणं हा उपाय पुरतो.

आमची भिंतच ओली होती. अशा भिंतीवर चिकटवायचा नक्षीदार कागद लावायचा मोह होतो, पण त्यामागे ओल कोंडते आणि बुरशी वाढते. मी चुन्याची सफेदी केली. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि तो अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी सहजी धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. मात्र तैलरंगावर किंवा प्लास्टिक पेंटवर तो टिकत नाही. भिंतीवर पाणी शिंपडून पाहावं. मुरलं तर चुना धरेल, ओघळून गेलं तर नाही.

पोपडे खरवडताना धूळ उडू नये म्हणून भिंत ओली करून घेतली. चुना दुधाइतका पातळ ठेवून, चिमूटभर नीळ घालून पातळ हात दिले. ओला असताना तो फिका दिसतो, वाळल्यावर उजळतो. कळीचा चुना पाण्यात खदखदतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून विझवलेला तयार चुनाच आणावा आणि तरीही हातमोजे, चष्मा घालावा. लोणा पुन्हा वर येणारच, कारण ओल जमिनीतूनच येते. वर्षातून एकदा तेवढा पट्टा पुन्हा मारायचा. श्रम फक्त एका रविवारचे आहेत.

उजेड

खोलीत एकच पांढरी ट्यूब होती. तिच्या उजेडात प्रत्येक डाग उठून दिसे आणि माणसंही थकलेली वाटत. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, उबदार. आम्ही पिवळसर दिवे घेऊन बसण्याच्या उंचीवर, दोन कोपऱ्यांत ठेवले. 9 वॉटचा एलईडी रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. मुलीच्या टेबलावर मात्र पांढरा दिवा ठेवला, अभ्यासाला तोच बरा. हे सगळे दिवे प्लगवर चालतात, त्यामुळे नव्या घरी सोबत येतील.

कापड

या जुन्या घराच्या कोनाड्यात देव बसले आणि आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेल्या खिळ्यांवर आमची चित्रं. खिडकीला स्प्रिंगचा दांडा बसवला, त्याला भोक पाडावं लागत नाही. त्यावर सासूबाईंची विटलेली सुती साडी दोन तुकड्यांत टांगली. फुटक्या फरशीवर सोलापुरी सतरंजी अंथरली. आमचा सर्वांत मोठा खर्च तोच.

सासूबाईंनी माझ्या आणि स्वतःच्या जुन्या साड्या एकावर एक घालून धावदोऱ्यानं गोधडी शिवायला घेतली. जागा सोडून आल्यापासून त्या गप्प गप्प होत्या. गोधडी शिवताना शेजारच्या काकू येऊन बसू लागल्या आणि मग दुपारचा चहा आमच्याकडेच होऊ लागला. घर मांडताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला काम द्यावं, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

नवी इमारत केव्हा उभी राहील, ते बिल्डर ठरवेल. मुलीचं दहावीचं वर्ष आणि सासूबाईंच्या म्हातारपणातली ही वर्षं मात्र याच दोन खोल्यांत जाणार आहेत. ती पुढे ढकलता येत नाहीत. म्हणून करार अकरा महिन्यांचा असला तरी पहिल्या आठवड्यातच खोकी उघडा, ओल पाहा, दिवे बदला आणि नीट राहायला लागा.