खासगी चित्रसंग्रह लोकांचा कसा होतो?



आमच्या चिंचणी गावी 1955 साली काही जुने ताम्रपट उजेडात आले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दीतील, इसवी सन 926 चा, असून त्या काळी संजाण प्रांतावर मधुमती नावाचा अरब वंशाचा अधिकारी कारभार पाहत होता, असे त्यावरून कळते. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले. असले ताम्रपट जपावेत की मोडीत घालावेत, असा प्रश्न आज कोणाही शहाण्या माणसास पडणार नाही. हजार वर्षे टिकलेल्या वस्तूच्या मोलाचा निवाडा काळानेच करून ठेवलेला असतो. आपण केवळ त्याच्या निकालावर सही करावयाची असते.

परंतु गेल्याच महिन्यात ज्याचे रंग वाळले, ज्याचा कर्ता गिरगावात किंवा दादरला आपल्यासारखाच भाड्याच्या खोलीत राहतो, अशा चित्राचे काय? ते घ्यावे की न घ्यावे, घेतले तर जपावे किती दिवस, आणि ते इतरांना दाखविण्याच्या योग्यतेचे आहे हे ठरवावे कोणी? अशी चित्रे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जबाबदारीवर विकत घेऊन पुढे ती लोकांसाठी खुली करणारी काही माणसे आपल्याकडे झाली. त्यांच्या उद्योगाविषयी, आणि विशेषतः त्यातील एका अवघड सांध्याविषयी, आज बोलावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की समकालीन कलेच्या खरेदीत सरकार सहसा मागाहून येते. ते स्वाभाविकही आहे. सरकारी पैसा खर्च करावयाचा तर समिती हवी, समितीत एकमत हवे, आणि नव्या चित्राविषयी एकमत क्वचितच होते. दिल्लीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1954 साली सुरू झाले. मुंबईस त्याची शाखा सर कावसजी जहांगीर सभागृहात उघडली ती 1996 साली. ज्या शहरात 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह गट स्थापिला, त्या शहराला त्यांची चित्रे कायमची ठेवण्याची सरकारी जागा मिळावयास जवळजवळ अर्धशतक लागले! मधल्या काळात ही चित्रे घेतली कोणी? प्रारंभी रुडॉल्फ फॉन लायडन व इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासारख्या, युरोपातून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या रसिकांनी, आणि मागून इथल्या व्यापारी, डॉक्टर, वकील मंडळींनी. चित्रकाराच्या घरची चूल पेटती ठेवण्याचे काम या खरेदीने केले, हे विसरून चालणार नाही.

या मंडळींत जहांगीर निकोल्सन यांचे नाव निराळे काढावे लागते. येथे एक खुलासा करणे बरे. काळा घोड्याजवळचे जहांगीर कलादालन ते या निकोल्सनांचे नव्हे. ते सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून 1952 साली उभे राहिले आणि तेथे प्रदर्शने भरतात व उठतात. चित्रे तेथे पाहुणी म्हणून येतात. निकोल्सन यांचा जन्म 1915 चा. हे पारशी गृहस्थ कापसाचे व्यापारी. मोटारींच्या शर्यती व छायाचित्रण यांचे शोकीन. मुंबईच्या नगरपालाचे मानाचे पदही त्यांनी भूषविले. चित्रखरेदीस त्यांनी आरंभ केला तो पन्नाशी उलटल्यावर, 1968 साली; आणि पहिले चित्र घेतले ते शरद वायकूळ यांचे. त्यानंतर 2001 मध्ये त्यांचा देहान्त होईपर्यंत ही खरेदी चालू राहिली. संग्रह सुमारे आठशे कलाकृतींचा झाला. तेहतीस वर्षांत आठशे म्हणजे महिन्याला सरासरी दोन. हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण त्यावरून या गृहस्थाची रीत कळते. एकदम मोठी थैली रिकामी करून घर सजविणारा हा धनिक नव्हता. वर्तमानपत्राप्रमाणे नियमाने आपल्या काळाचे चित्र वाचणारा हा वाचक होता. गायतोंडे, रामकुमार, अकबर पदमसी, तय्यब मेहता, लक्ष्मण श्रेष्ठ, प्रभाकर बरवे, प्रभाकर कोलते, शिल्पकार आदी दाविएरवाला, अशी कितीतरी नावे त्या संग्रहात आहेत. आणि पुढे फारशी न गाजलेली नावेही आहेत.

या शेवटल्या गोष्टीस मी फार महत्त्व देतो. जुन्या मूर्तींचा संग्रह दाखविणारा आपले धन दाखवितो. समकालीन चित्रांचा संग्रह दाखविणारा मात्र आपली निवड दाखवितो, म्हणजेच तीमधील चुकाही दाखवितो. घराच्या दिवाणखान्यात पाहुणा भिडेने वाहवा करतो. सार्वजनिक दालनात पैसे न घेता आलेला शाळकरी मुलगाही ‘हे काय आहे?’ असे विचारून मोकळा होतो. स्वतःच्या आवडीला असे चव्हाट्यावर मांडावयास धैर्य लागते. निकोल्सन यांनी ते दाखविले. 1976 साली नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत त्यांच्या संग्रहासाठी कलादालन झाले; म्हणजे राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा मुंबईस येण्यापूर्वी वीस वर्षे. तथापि आधुनिक कलेचे स्वतंत्र संग्रहालय मुंबईत उभारावे ही त्यांची इच्छा हयातीत पुरी झाली नाही. भूखंड आणि इमारत या दोन गोष्टी मुंबईत चित्रांहूनही दुर्मिळ!

आता तो अवघड सांधा आला. संग्राहक जातो तेव्हा संग्रहाचे काय होते? वारस दोन असले तर चित्रांचे दोन ढीग होतात. वारसांस कलेची आवड नसली तर लिलाव होतो. आवड असली तरी जागा नसते. आणि चित्रांच्या किमती वाढल्या की मोह वाढतो. वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. निकोल्सन वारले त्याच 2001 साली गायतोंडेही दिल्लीस वारले, आणि अवघ्या बारा वर्षांनी, 2013 मध्ये, त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लक्ष रुपयांस गेले. असे चित्र ज्याच्या भिंतीवर आहे, तो ते लोकांस दाखविण्यापूर्वी कुलपाचा विचार आधी करणार, यात त्याला दोष कसा द्यावा?

निकोल्सन यांच्या विश्वस्तांनी जो मार्ग काढला तो समजून घेण्यासारखा आहे. संग्रहाची मालकी जहांगीर निकोल्सन कला प्रतिष्ठानाकडे राहिली, आणि 2008 साली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी दीर्घ मुदतीचा करार होऊन 2011 मध्ये तेथे त्याचे दालन सुरू झाले. ज्या इमारतीत पूर्वी सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे संग्रह देणगीने आले, तिच्यातच हा शेजार लाभला. फरक इतकाच की टाटांची देणगी ही देऊन मोकळे होण्याची रीत होती. ही रीत भागीदारीची. एकाने चित्रे व ती जाणणारी माणसे द्यावयाची, दुसऱ्याने छप्पर, पहारा आणि रोज येणारा लोकसमुदाय द्यावयाचा. मला ही व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते. नुसत्या देणगीतील चित्रे पुष्कळदा तळघरात जाऊन पडतात आणि मग त्यांची आठवण ठेवणारे कोणी उरत नाही.

कारण चित्र ठेवणे म्हणजे खिळा ठोकून टांगणे नव्हे. आम्ही समुद्रकाठची माणसे. खारा वारा कुलपालाही सोडीत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. पावसाळ्यात कॅनव्हास ओल शोषून सैल होतो, उन्हाळ्यात ताणला जातो, आणि या ओढाताणीत वरचा रंग तडकतो. कागदावरील चित्रास बुरशी धरते. जलरंग उजेडाने फिके होतात, म्हणून ती चित्रे काही महिने दाखवून पुन्हा अंधारात विश्रांतीस न्यावी लागतात. आठशे कलाकृती एकाच वेळी मांडण्याएवढ्या भिंतीही नसतात. तेव्हा थोडी चित्रे निवडून, त्यांत काही संगती लावून प्रदर्शन मांडावयाचे, ते उतरवून दुसरे मांडावयाचे, असे सतत चालते. एकदा पाहून आलेल्याने पुन्हा जावे, याचे कारण हेच.

‘पण आम्हांला ती चित्रे कळत नाहीत,’ असे सुशिक्षित मंडळीही म्हणतात. गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभे राहून कशाचे चित्र आहे हे शोधू लागले तर काहीच सापडणार नाही. ते रुळाने रंगाचे थर देत, सुरीने काढीत, पुन्हा देत. रंगाच्या आतून उजेड वर येत आहे असे त्यामुळे भासते. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर सायंकाळचा प्रकाश पाहताना आपण ‘हे कशाचे?’ असे विचारीत नाही. तितकाच वेळ येथे द्यावा. आवडले नाही तर तसे म्हणावे. सार्वजनिक दालनात त्याची मुभा आहे.

हा सारा उद्योग मुंबईचाच, असे मात्र समजू नये. सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी यमाईच्या डोंगरावर 1938 साली श्रीभवानी संग्रहालय उघडले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांच्या संग्रहात पहाडी चित्रे तर होतीच, पण राजा रविवर्मा आणि रावबहादूर धुरंधर यांची चित्रेही होती, आणि हेन्री मूर या त्या वेळच्या नव्या इंग्रज शिल्पकाराचे आई व मूल हे लहानसे शिल्पही होते. रेल्वेपासून दूर, खेड्याच्या डोंगरावर! संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, 1951 साली बाळासाहेबही गेले. परंतु संग्रहालय सरकारच्या हाती जाऊन टिकले. आमच्या शेजारच्या तारापूरमुळे ज्यांचे नाव येथे घरोघर ठाऊक आहे, त्या डॉ. होमी भाभा यांनीही कुलाब्याच्या आपल्या विज्ञानसंस्थेसाठी मुंबईच्या चित्रकारांच्या दोनशेहून अधिक कलाकृती जमविल्या. पण ती संस्था पहाऱ्यातली. वाटसरूने सहज डोकवावे असे ते ठिकाण नव्हे.

आणि आमच्या डहाणू तालुक्याची गोष्ट तर याहून निराळी. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो जपण्यासाठी नसतोच. लग्न झाले की त्याचे काम संपले. जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 नंतरच्या दशकात ती चित्रे कागदावर व कापडावर आणली, तेव्हापासून ती विकत घेता येऊ लागली, आणि आली त्या वेगाने दूरच्या शहरांत व परदेशांत गेली. गंजाडच्या मुलाला गंजाडचे उत्तम चित्र पाहावयास आगगाडीत बसावे लागू नये, एवढी इच्छा आम्हां पालघरकरांनी बाळगणे गैर ठरणार नाही. त्यासाठी निकोल्सनच हवेत असे नाही. एखाद्या शाळेची कोरडी खोली, दोन-तीन घरांची चित्रे आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस, इतक्यावर आरंभ करता येईल.

ज्यांच्या घरी अशी दोन-चार चित्रे आहेत, त्यांनी आजच एक काम करावे. चित्र भिंतीवरून उतरवून मागे, चौकटीच्या लाकडावर, मऊ पेन्सिलीने चित्रकाराचे नाव, चित्राचे साल, आणि ते कोणाकडून व केव्हा घेतले, हे लिहावे. खरेदीची पावती असल्यास वहीत चिकटवावी. पुढे मुलांनी ते कोणत्याही संग्रहालयास देऊ केले, तर तेथील अधिकारी सर्वप्रथम हाच कागद मागतील.