पद्मिनीची अडून बसलेली पुली

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९७४ साली आपल्या फियाटचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ असे ठेवले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या कंपनीची ही गाडी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती रस्त्यावरून गेली.

घरच्या पद्मिनी मात्र अजून हौसेने सांभाळल्या जातात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोहोचल्या आहेत.

नवी मुंबईत अशा गाडीचा मोठा शत्रू म्हणजे हवा. खाडीवरून येणारा खारा दमटपणा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत, कव्हर घालून नुसती उभी असलेली गाडीही गंजते. रंग आणि क्रोमकडे मालकाचे लक्ष असते. क्रँकशाफ्टची पुली बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, कुणाच्या नजरेसही पडत नाही.

इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, क्रँकशाफ्टच्या टोकावर ही पुली बसते. तिच्यावरचा फॅनबेल्ट डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवतो. तिच्यामागे ऑइल सील, त्यामागे टायमिंग चेन. त्यामुळे पुढून तेल गळू लागले किंवा चेन खडखडू लागली, की आधी पुली काढावी लागते. ती शाफ्टवर घट्ट बसते, खाचेत बसवलेल्या लोखंडी चावीमुळे जागच्या जागी फिरत नाही आणि पुढून मोठ्या नटाने आवळलेली असते. मधल्या बारीक फटीत पाणी शिरले की लोखंड गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो दोन्ही भाग आतून जखडतो.

नट सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकून एकाला ब्रेकवर बसवतात आणि पान्याला लांब पाइप लावतात. खरी परीक्षा त्यानंतर. पुली हलत नाही म्हणून कडेवर हातोडा घातला तर ओतीव लोखंडाचा तुकडा उडतो. मागून पहारीने उचकले तर टायमिंग कव्हर फुटते. तीन पायांचा पुलर पातळ कडेला अडकवला तरी तेच होते.

जाणते मेकॅनिक आदल्या संध्याकाळीच फटीत गंज सोडवणारे तेल सोडतात. मग पुलीच्या बोसाजवळ, म्हणजे मधल्या जाड भागाजवळ, आटे पाडलेली भोके असतील तर त्यांत बोल्ट लावून, जाड पट्टीचा पुलर बसवतात. अशी पट्टी तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीतला लेथवाला मापाने करून देऊ शकतो. मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर येतो, ताण सरळ रेषेत बसतो. स्क्रू आवळून काही वेळ तसाच ठेवायचा, पुन्हा थोडा आवळायचा, आणि त्याच्या डोक्यावर हलकी ठोक द्यायची.

तरीही नाही हलली तर उष्णता. लोखंडाच्या ३० मिलिमीटर भोकाला १५० अंशांनी तापवले, तर ते साधारण ०.०५ मिलिमीटरने मोठे होते. गंजाची पकड सुटायला एवढे अनेकदा पुरते. मात्र ज्योत बोसावर फिरवायची आणि पटकन. वेळ लागला की शाफ्टही तापतो आणि फायदा जातो. मागचे रबरी सील तर जळतेच, त्यामुळे नवे हाताशी हवे. आसपास सांडलेले पेट्रोल-तेल पुसून, आग विझवायचे साधन जवळ ठेवल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही.

अगदी शेवटी, ग्राइंडरने चावीच्या खाचेवर पुली कापून छिन्नीने फोडतात. दुसरी पुली कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधता येते किंवा लेथवर करून घेता येते. शाफ्टला खोल इजा झाली तर मात्र सगळे इंजिन खोलावे लागू शकते.

पुली निघाल्यावर शाफ्ट पॉलिश पेपरने साफ करावा, सीलने पुलीच्या गळ्यावर चर पाडला आहे का ते बघावे आणि बसवताना ग्रीसचा पातळ हात द्यावा. मालकांनी पावसाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून चांगली गरम होऊ द्यावी. पुढच्या वेळी पुली काढणाऱ्याचे काम त्यामुळे बरेच हलके होईल.