ग्रीनस्टेडच्या ओकच्या भिंती

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, चिपिंग ऑन्गरजवळच्या शेतशिवारात, सेंट अँड्र्यूच्या नावाचे ग्रीनस्टेडचे चर्च आहे. ते पॅरिश चर्च, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेल्या वस्तीचे उपासनास्थान असून, सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमच्या पोपशी नाते तोडल्यावर ते अँग्लिकन झाले. वेदीकडचा विटांचा भाग सुमारे १५०० सालचा आहे. १८३४ मध्ये शेतमजुरांची संघटना बांधल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला हद्दपार झालेल्या टॉलपडलच्या मजुरांपैकी जेम्स ब्राइन याचा विवाह, माफी मिळून तो परतल्यावर, १८३९ मध्ये येथेच झाला.

या चर्चचे खरे वैभव मात्र नेव्हच्या, म्हणजे उपासक बसतात त्या दालनाच्या, भिंतींत आहे. ओकचे बुंधे उभे चिरून, त्यांची गोल बाजू बाहेर व वाकसाने तासलेली सपाट बाजू आत ठेवून ते एकमेकांलगत उभे केले आहेत, आणि फटींतून वारा शिरू नये म्हणून शेजारच्या दोन बुंध्यांच्या कडांना खोबणी पाडून त्यांत लाकडाची पट्टी बसवली आहे. असे ५१ ओंडके आज दिसतात. इतक्या साध्या युक्तीने भिंत नऊशे वर्षांहून अधिक काळ टिकावी, याचे श्रेय त्या सुतारांच्या लाकडाच्या जाणिवेला द्यावेच लागते.

या भिंतींचे वय पूर्वी ८४५ सालापर्यंत मागे नेले जाई. १९९५ च्या वर्षवलय-परीक्षणात, म्हणजे खोडातील वार्षिक वाढीची कडी मोजून काळ ठरवण्याच्या पद्धतीत, मिळालेले शेवटचे कडे १०५३ चे निघाले. सालीलगतचे कोवळे लाकूड उरलेले नसल्याने त्यात १० ते ५५ वर्षे मिळवावी लागतात, म्हणून झाडे १०६३ ते ११०८ या काळात तोडली गेली असावीत. परिणामी, १०१३ मध्ये संत एडमंडचे अवशेष येथे विसावल्याची परंपरा खरी धरली, तरी ती आधीच्या एखाद्या इमारतीची ठरते. अडीच शतकांचे वय कमी झाले, तरी वास्तूची थोरवी कमी होत नाही.

चिंता आहे ती जमिनीतल्या ओलीची. १८४८ च्या सुमारास जीर्णोद्धार करताना कुजलेले बुडखे कापून ओंडके विटांच्या जोत्यावर बसवले गेले. त्यामुळे भिंत वाचली, परंतु मूळ सुतारांनी ती पायाशी कशी जोडली होती, हा तिच्यातील सर्वांत मोलाचा पुरावा त्या तुकड्यांबरोबर गेला. पुढच्या दुरुस्तीतही हाच पेच उभा राहणार आहे, कारण कुजलेला भाग राखला तर कूज पसरते आणि काढला तर मूळ लाकूड घटते. शिवाय अँग्लिकन व्यवस्थेत इमारतीच्या देखभालीचा भार मुख्यतः स्थानिक पॅरिशवरच असतो.