टोलनाक्यावर बॅरियर गाडीवर आदळले? नाका सोडण्याआधी ही कामे उरका

छत्रपती संभाजीनगर : फास्टॅग वाचला गेला, दांडा वर गेला, गाडी पुढे सरकली आणि तेवढ्यात दांडा खाली आला. बोनेटला पोचा, नाहीतर काचेला तडा. मागून हॉर्न वाजू लागतात, कर्मचारी 'गाडी बाजूला घ्या' म्हणतो आणि चालक वैतागून निघून जातो. भरपाईची बाजू लंगडी पडते ती इथेच.

धुळे रस्त्यावरील करोडी, हतनूर असो, सोलापूर रस्त्यावरील पाचोड असो की समृद्धी महामार्गाचे सावंगी, माळीवाडा इंटरचेंज. सुरुवात सारखीच करायची. गाडी बाजूला घेण्याआधी, सुरक्षित असेल तर, मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढावा. त्यात दांडा, लेनचा क्रमांक, नुकसान आणि नंबर प्लेट दिसावी. डॅशकॅम असेल तर त्यातील चित्रीकरण लगेच वेगळे जपून ठेवावे. टोल कापल्याचा एसएमएस पुसू नये. टॅग चालू होता आणि गाडी रीतसर लेनमध्ये होती, याचा तो वेळेसह पुरावा आहे.

चूक कोणाची?

लेनखालच्या लूपमुळे किंवा बाजूच्या सेन्सरमुळे दांड्याखाली गाडी आहे हे यंत्रणेला कळते. गाडी दांड्याखाली असताना तो पडला, तर यंत्रणेत किंवा ती हाताळणाऱ्यात दोष असल्याचे म्हणता येते. मात्र पुढच्या गाडीला चिकटून, तिच्याच टोलवर निसटण्याचा प्रयत्न केला असेल तर दावा टिकणे कठीण. टॅग काळ्या यादीत असेल किंवा काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवला असेल, तरी नाका त्यावरच बोट ठेवणार.

म्हणून सीसीटीव्ही महत्त्वाचा. हे चित्रीकरण कायम राहत नाही. त्याच दिवशी नाका व्यवस्थापकाला लेखी अर्ज देऊन तारीख, वेळ आणि लेनचे फुटेज जतन करण्याची मागणी करावी व पोच घ्यावी. पोच नाकारली तर अर्जाचा फोटो ईमेलने पाठवावा. तोंडी 'बघतो साहेब' याला अर्थ नाही.

राष्ट्रीय महामार्गावर 1033 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. नाका ठेकेदार चालवत असला तरी तक्रारीची प्रत महामार्ग प्राधिकरणाच्या शहरातील प्रकल्प कार्यालयालाही द्यावी. समृद्धी मात्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तिथली तक्रार महामंडळाकडेच करावी लागते.

राग नाक्यावर काढू नये. जुलै 2023 मध्ये समृद्धीवरील सिन्नरजवळच्या गोंदे नाक्यावर अमित ठाकरे यांची गाडी अडवल्याच्या कारणावरून मनसे कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. फास्टॅगचा वाद बाजूला राहिला आणि गुन्हा तोडफोडीचा दाखल झाला.

पोलिसांत नोंद जरूर करावी, पण निष्काळजीपणामुळे फक्त गाडीचे नुकसान झाले तर ते सहसा भरपाईचे प्रकरण ठरते. नाका दाद देत नसेल तर आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार चालक राहतो तिथेही तक्रार करता येते. म्हणजे सोलापूरजवळ दांडा पडला तरी संभाजीनगरात दाद मागता येईल. मुदत दोन वर्षांची. दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि पक्के बिल जोडावे.

विमा घ्यावा का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी हिशेब करावा. समजा, दुरुस्ती 5,000 रुपयांची आहे. 1,500 सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे 1,000 रुपये वजा होऊन हाती 4,000 येतील. पण स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 12,000 असून 50 टक्के नो क्लेम बोनस मिळणार असेल, तर पुढच्या वर्षी 6,000 ची सवलत जाईल. बोनस सुरक्षित ठेवणारे ॲड-ऑन घेतले असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या नुकसानीत मात्र दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवावे, नाहीतर सर्व्हेअर पाहणार काय?

पुढची काच बदलली तर फास्टॅगही जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. स्टिकर सोलून पुन्हा चिकटवता येत नाही. टॅग देणाऱ्या बँकेकडून बदली टॅग मागवावा लागतो. तोपर्यंत राष्ट्रीय महामार्गावर जादा टोल पडू शकतो; 15 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नियमात तो रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट होता. त्या पावत्याही भरपाईच्या अर्जाला जोडाव्यात.