प्रौढांच्या वर्गांतील मुदत

इ. स. १८५५ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्यांची अडचण ओळखूनच ती वेळ ठरली होती. अमरावती-अकोल्याकडील प्रौढवर्गांसही हाच धडा घेणें प्राप्त आहे. वऱ्हाडांत दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते व तिची मजुरी वजनावर मिळते. ऐन वेचणींत वही देण्याची मुदत ठेविली, तर ती मोडणारच. दोष मात्र विद्यार्थ्याच्या माथीं येतो.

मग नियमच सैल करावा काय? मुळींच नाहीं. मागावयास जे धीट, तेच सवलत मिळवितात. भिडस्त बाई रात्र जागून वही पुरी करते आणि अन्याय तिच्यावर होतो. यास्तव नियम थोडे असावेत. ते पहिल्याच दिवशीं सर्वांस वाचून दाखवावेत. मुदत हंगाम पाहून ठरवावी. प्रत्येकास एकदां, कारण न विचारतां, आठवड्याची सूट असावी. त्यापुढें मात्र नियम सर्वांस सारखा. चुकलेल्यास चारचौघांत बोलूं नये, एकांतांत सांगावें. मुलास आईबाप शाळेंत धाडतात. प्रौढ आपण होऊन येतो, आणि अपमान झाला तर दुसऱ्या दिवशीं येत नाहीं.